पर्मनंट मास्तर

त्या वर्षी आमच्या गावात जीपचा आवाज आला की पुरुष दिसेनासे व्हायचे. पारावर आत्ता माणूस बसलेला असायचा आणि आत्ता नुसती त्याची पेटती बिडी. कपाशी गुडघ्याच्या वर आली होती म्हणून बरं, लपायला जागा तरी होती. हिंगणीकडच्या लोकांना तर धरणापलीकडचं जंगलच होतं, ते सरळ तिकडे पळायचे. आणीबाणीचं दुसरं वर्ष. सरकारने नसबंदीचं मनावर घेतलं होतं, आणि सरकारने एखादी गोष्ट मनावर घेतली की ती खाली येता येता शाळामास्तरांच्या डोक्यावर बसते. प्रत्येक मास्तराने केस आणायची असं ठरलं. चालत्याबोलत्या माणसाला केस म्हणायचं, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

माझा नवराही मास्तरच. केळझरपासून जवळच असलेल्या आमच्या गावात एका खाजगी संस्थेची शाळा होती, तिथे ते इंग्रजी शिकवायचे. नाव प्रभाकरराव, पण ते मी फक्त उखाण्यात घेतलं. एरवी सगळं गाव मास्तर म्हणायचं, म्हणून मीही मास्तरच म्हणायची.

वर्ध्याला मला पाहायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी, बापूजींनी, एकच प्रश्न विचारला होता, "पर्मनंट आहात का?" बापूजींचं किराणा दुकान होतं, त्यांना पक्का माल लागायचा. मास्तर म्हणाले, "होऊन राह्यलो." बापूजींना वाटलं, दोन-चार महिन्यांची गोष्ट असेल. लग्न झालं, कुंदा झाली, कुंदा चालायला लागली, तरी मास्तर आपले होऊनच राह्यले होते. संस्थेची रीत अशी की एप्रिल संपला की कामावरून कमी करायचं आणि जून उजाडला की पुन्हा घ्यायचं. उन्हाळाभर आमच्या घरात मास्तर नसायचे, नुसते प्रभाकरराव असायचे, आणि ते फार चिडचिड करायचे. जूनमध्ये परत घेतील की नाही, या धास्तीत आंब्याचा रससुद्धा गोड लागत नसे.

एकदा भाजी निवडता निवडता मी त्यांना म्हटलं, हा पर्मनंट शब्द मेला आपल्या मागेच लागला आहे. ते हसले. वर्गात सांगायचे तेच मलाही सांगितलं, की ते विशेषण आहे, आणि विशेषणाला स्वतःचं घर नसतं. ते ज्याच्या शेजारी बसेल त्याचं होतं. मग मी लक्ष ठेवायला लागले, आणि खरंच होतं. कालव्याखालच्या वावराला लोक पर्मनंट पाण्याचं वावर म्हणायचे, तिथे तो शब्द कसा गार वाटायचा. शाईच्या बाटलीवर पर्मनंट लिहिलेलं असायचं, तिथे त्याचा अर्थ सदऱ्याची वाट लागली एवढाच. पत्त्याआधी लागला की सासूबाईंचं केळझरचं पडकं घर आठवायचं. आणि त्या पावसाळ्यात नर्सबाई दारोदार फिरत म्हणायला लागली, "पर्मनंट इलाज आहे बाई, एकदा केला की काही झंझट नाई." तोच शब्द, पण तिच्या तोंडून ऐकला की मी दार लोटून घ्यायची.

कारण मला दुसरं मूल हवं होतं. हे मी तेव्हा कोणाला बोलले नाही, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सासूबाईंनी, मनकर्णाबाईंनी, केळझरच्या गणपतीला नातवासाठी नवस बोलून ठेवला होता. मुलगा झाला तर वसंत आणि मुलगी झाली तर रेखा, अशी नावंही मास्तरांनी आणि मी ठरवली होती. फक्त एकदा पर्मनंट होऊ द्या, मग. ते मग पुढे पुढे सरकत होतं.

मास्तरांना केस मिळेना. मिळणार कशी? ते एका गल्लीतून शिरले की दुसरीकडून गल्ली रिकामी व्हायची. वर्गात पोरंही कमी झाली. शाळेत बापाचं नाव सांगितलं की बापाला नेतात, अशी अफवा होती. ज्या माणसाला लोक वाटेत थांबवून पत्र वाचून घ्यायचे, त्याला पाहून लोक दारं लावायला लागले. मास्तर घरी येऊन हातपाय धुवायचे आणि ओट्यावर तसेच बसून राहायचे. जेवण कमी झालं. हेडमास्तरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं होतं की दसऱ्याच्या आत जो केस देईल त्याची पर्मनंटची ऑर्डर निघेल, आणि देणार नाही त्याने पुढच्या जूनला यायची तसदी घेऊ नये.

आमच्या समोरचं घर किसनरावांचं. ते संस्थेचे अध्यक्ष, मोठे कास्तकार. त्यांच्याकडे बबन नावाचा सालदार होता. सालदार म्हणजे पाडव्याला ठरवायचा आणि पुढच्या पाडव्यापर्यंत मालक सांगेल ते त्याने करायचं. रात्र असो, पाऊस असो, नाही म्हणायची सोय नाही. बबन पंचवीस-सव्वीसचा असेल. त्याची बायको जयवंता माझ्याकडे अंगण सारवायला यायची. लग्नाला तीन वर्षं झाली होती, कूस अजून उजवली नव्हती. जयवंता प्रत्येक चतुर्थीला केळझरला पायी जायची.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. लहान पोरं लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत दारोदार फिरतात आणि खाऊ मिळवतात. कुंदा समोरच्या पोरांचे बैल पाहून रडायची, तर बबनने त्या वर्षी तिला सागाच्या तुकड्याचा बैल करून दिला. शिंगं, वशिंड, खाली चार चाकं, सगळं हाताने कोरलेलं. सासूबाई नाक मुरडून म्हणाल्या की पोरीला कशाला बैल, बैल पोराचा असतो. बबन नुसता हसला. मला म्हणाला, "हात बसवून राह्यलो वहिनी. पुढच्या साली माह्या लेकराले लागनच नं."

त्यानंतर चार-सहा दिवसांनी किसनराव चहाला आले. मी आत चहा टाकत होते, पण मधे नुसता कुडाचा आडपडदा होता, सगळं ऐकू येत होतं. आधी पिकापाण्याचं झालं. मग त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, जसं कोणी शेजाऱ्याला एक दिवस बैलजोडी देतं तसं.

"मास्तर, तुमचं काई होऊन नाई राह्यलं. माहा बबन घेऊन जा. ढोरायसाठी ढेप आणाले जाय म्हंतो मी त्याले. कॅम्पमधी तीन लेकरं लिहजा, कोणी पाह्यत नाई. तुमची ऑर्डर मी काढतो."

मास्तर म्हणाले की त्याला तर एकही मूल नाही. किसनराव म्हणाले, "मंग काय झालं? सालदार हाय तो माहा."

चहा उतू गेला. चुलीत चर्र झालं तरी माझा हात हलला नाही. मला तेव्हा कशाची भीती वाटली ते अजून सांगता येतं. बबनची वाटली, जयवंताची वाटली. पण सगळ्यात जास्त भीती याची वाटली की बाहेरून मास्तरांचा नाही असा आवाज आला नाही.

किसनराव गेल्यावर मी विचारलं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले की उद्या सकाळच्या गाडीने जायचं आहे. मी म्हटलं, त्याला नेऊ नका. ते म्हणाले, नाही नेलं तर किसनराव दुसऱ्या मास्तराला देतील, बबन काही वाचत नाही, आपण मात्र बुडतो. हिशोब चूक नव्हता. त्यांचं व्याकरणही कधी चूक नसायचं. मी भांडले, सासूबाईंचं रोजचं औषध बंद झालं तरी चालेल म्हटलं, बापूजींच्या दुकानात पुड्या बांधू म्हटलं. शेवटी ते इतक्या हळू बोलले की मला जवळ जावं लागलं.

"शोभा, मले भेव लागते."

त्यांच्या हाताला खडूची पूड तशीच होती, त्या दिवशी हातपायही धुतले नव्हते. त्या माणसाला मी चार वर्षांत कधी तसं पाहिलं नव्हतं. भित्र्या माणसाशी भांडून उपयोग नसतो, तो आणखी भितो. बबनला जाऊन सांगावं असं दहादा वाटलं. पण बबन भोळा, मालकाला जाऊन विचारणार, शोभावहिनी असं म्हणतात ते खरं का. मग आम्ही गावातही राहिलो नसतो.

सकाळी मास्तर निघाले. धोतर नाही, पायजमा घातलेला, कारण वर्ध्याला जायचं होतं. मी अंगणात आले तर कुंदा तो बैल ओढत फिरत होती. मी तिच्या हातातून बैल घेतला आणि त्याचं पुढचं एक चाक पिळून, ओढून काढलं. चांगलं घट्ट बसवलेलं होतं, माझ्या बोटाला लागलं. कुंदाने भोकाड पसरलं. मी तिला कडेवर घेतलं, एका हातात बैल, मुठीत चाक आणि खुंटी, आणि एस.टी.च्या फाट्याकडे जवळजवळ पळतच गेले.

गाडी आलेली होती. बबन स्वच्छ सदरा घालून, ढेपेसाठी रिकामी पोती खांद्यावर टाकून मास्तरांच्या मागे उभा होता. वर्ध्याला जायला मिळतंय म्हणून खूश होता. मी त्याला बैल दाखवला. म्हटलं, "बबनभाऊ, चाक निघालं पाहा. पोरगी दम नाई घेऊ देऊन राह्यली. गाडीत बसल्या बसल्या होते का?" कुंदाचं रडणं खरं होतं, त्यामुळे माझं खोटं खपलं. बबन म्हणाला, त्यात काय, वर्धा येईपर्यंत होते. खिशातून त्याने चाकू काढून दाखवला. मी मास्तरांना म्हटलं, "त्याले तुमच्याजोळ बसवा." मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं असावं. गाडी गेली.

तो दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. माझ्या डोक्यात दोनच गोष्टी होत्या. एक, मास्तर बबनला देऊन येतील, आणि मग मला त्यांच्यासोबत आयुष्यभर राहावं लागेल. दुसरी, ते तसेच परत येतील, आणि मग आमचं बिऱ्हाड वर्ध्याला बापूजींच्या माडीवर. मी दुसरीसाठी देवाला हात जोडले. भांडी कोणती आधी बांधायची हेसुद्धा ठरवलं. दुपारी जयवंता सारवायला आली. गाणं गुणगुणत होती. मला तिच्याकडे बघवेना, मी डोकं दुखतं म्हणून आत जाऊन पडले. रस्त्यावर काही वाजलं की उठून बसायची. सासूबाई म्हणाल्या, तुला काय जीपवाले न्यायला येणार आहेत का?

दिवे लागायच्या आधीची गाडी आली. मी ओट्यावरच होते. आधी बबन दिसला. डोक्यावर ढेपेचं पोतं, झपाझप पावलं टाकत येत होता, नेहमीसारखाच. मला इतकं हायसं वाटलं की मी मोठ्याने हसले. त्याने लांबूनच बैल उंच करून दाखवला, चाक बसलं होतं.

मग मागून मास्तर आले. ते फार हळू चालत होते. पाय अंतर ठेवून टाकत होते, मध्येच थांबत होते. बबन मला सांगत होता की मास्तरांना वर्ध्यात एकाएकी पोटाचं काहीतरी झालं, दवाखान्यात दोन-तीन तास गेले, मी बाहेर थांबलो होतो, तुम्ही त्यांना आज भात द्या. मी त्याच्याकडे बघत हो हो म्हणत होते. तिसरी गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी पडल्या पडल्या त्यांनी सांगितलं. बबन गाडीभर त्यांच्या शेजारी बसून खुंटी तासत होता आणि बोलत होता. जयवंताबद्दल, चतुर्थ्यांबद्दल, मुलगा झाला तर त्याला सालदार करणार नाही, तुमच्या शाळेत घालीन, याबद्दल. वाटेत सेलू आलं तेव्हाच मास्तरांनी ठरवलं की याला नेता येणार नाही. पण परत फिरायचीही हिंमत होईना. घरी आईच्या औषधाची बाटली होती, पुढे जून होता. दवाखान्याच्या फाटकाबाहेर बबनला झाडाखाली बसवलं, पोटात दुखतं असं सांगितलं आणि स्वतः आत कॅम्पच्या रांगेत लागले. टेबलावरच्या माणसाने विचारलं, मुलं किती. मास्तर म्हणाले, तीन. तो म्हणाला, नावं सांगा.

"मग?" मी विचारलं.

ते आढ्याकडे पाहत म्हणाले, "कुंदा. वसंत. रेखा."

मी रडले का, तर नाही. मला राग आला. इतका की त्यांच्या उशाचा तांब्या मी अंगणात भिरकावला. मला न विचारता तुम्ही कोण ठरवणारे, असं मला ओरडायचं होतं. पण चाक कोणी काढलं होतं? मी जाऊन तांब्या उचलून आणला. त्याला पोचा आला होता.

भीती मात्र तिथे संपली नाही. किसनराव बबनला दुसऱ्या कोणाबरोबर पाठवतील ही धाकधूक होतीच. म्हणून मास्तरांनी त्यांना जाऊन थाप मारली की बबनला डॉक्टरांनी परत पाठवलं, आता तपासणी फार कडक झाली आहे, मूल नसलेला माणूस आणला तर आणणाऱ्यावर आणि पाठवणाऱ्यावर दोघांवर खटला होतो. पाठवणाऱ्यावर म्हटल्यावर किसनरावांनी पानाचा डबा पुढे केला आणि विषय बदलला. ही थाप उघडी पडली तर काय, या विचाराने पुढे कितीतरी दिवस समोरचं दार वाजलं की मी हातातलं काम टाकून डोकावायची. बबनला आम्ही काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने आमचे पाय धरले असते, ते आम्हाला सोसलं नसतं.

केस म्हणून मास्तरांनी हेडमास्तरांना स्वतःच्याच नावाचा कागद दिला, आणि दसऱ्याच्या आत ऑर्डर निघाली. किसनराव शब्दाला पक्के. मास्तर पर्मनंट झाले म्हणून बापूजी वर्ध्याहून पेढे घेऊन आले आणि जावयाची पाठ थोपटून म्हणाले की पक्का माल आहे. सासूबाईंनी एक पेढा देवापुढे ठेवला. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं, पण मुलगा कसा चालत आला ते त्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन त्या केळझरला निघाल्या. मी विचारलं, नवस तर अजून... त्यांनी चप्पल घालता घालता म्हटलं, "देवाले सांगून येतो, आता वाट नको पाहू म्हणा." परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते. बैल पोराचा असतो, हे त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

उन्हाळ्याआधी निवडणूक झाली, सरकार पडलं, जीप यायची थांबली. त्या एप्रिलला मास्तरांना कोणी कमी केलं नाही. पगार आला. आंब्याचा रस केला, आणि दोघांनीही वाटी अर्धी टाकली.

पुढचा पोळा आला. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी कुंदा बैलाला हळद लावत होती. बबन आणि जयवंता अंगणात आले. जयवंताने पदर पोटावरून नीट ओढून घेतला होता, पण सातवा महिना काही पदराने झाकत नाही. मी तिला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, तिच्या तोंडात पेढा घातला. लगेच दुसराही घातला, तिला वाटलं आनंदाने. आनंदही होताच, खोटं कशाला बोलू.

बबनने पाठीमागून हात पुढे केला. हातात दुसरा बैल होता. पहिल्यापेक्षा देखणा, मानेवर घुंगरांसारख्या गाठी कोरलेल्या. मला वाटलं, त्याच्या होणाऱ्या मुलाचा दाखवायला आणला असेल.

"हा तुमच्या दुसऱ्याचा, वहिनी," तो म्हणाला. "मास्तरांची नोकरी पक्की झाली. आता उशीर कायचा? दोघांत झगडा नाई व्हाले पाह्यजे, म्हणून करून ठेवला."

मी तो घेतला. ते दोघं गेले. कुंदाने लगेच दोन्ही बैल शेजारी शेजारी उभे केले, दोन्ही दोऱ्या एका मुठीत धरल्या आणि ओढून पाहिल्या. मग तिने विचारलं, हा माझा, तर हा कोणाचा?

मास्तर दारात उभे होते. शाळेला निघाले होते, हातात हजेरीबुक होतं. मी म्हणणार होते की दोन्ही तुझेच. माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत तेच बोलले.

"वसंताचा," मास्तर म्हणाले, आणि तिच्या बैलाच्या दोरीला दुसऱ्या बैलाची दोरी नीट बांधून देऊन शाळेत गेले.